एक बाप्पा, दोन बाप्पा

सिस्टर आधी स्वतःच्या गालाला बोटांची पाठ लावायच्या आणि मग ती पेशंटच्या बोटाला. गाल, बोट. पुन्हा गाल, पुन्हा बोट. मग पेशंटचं नख हलकेच दाबायचं, पांढरं झालं की सोडायचं आणि तोंडाने मोजायचं, "एक बाप्पा, दोन बाप्पा." दुसरा बाप्पा पुरा व्हायच्या आत नखाला रंग आला, की चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणायच्या, "गुलाबी आहे. बसा." हे "बसा" कुणाला उद्देशून असे ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही, कारण पेशंट तर आडवाच असायचा. मग लक्षात आलं की ते मला होतं. त्या काळी मी सारखा उभा असायचो.

कोथरूडच्या एका खासगी रुग्णालयात मी तेव्हा नवाकोरा डॉक्टर होतो. तुटलेलं बोट पुन्हा जोडायचं, अपघातात उघड्या पडलेल्या हाडावर मांडीचा तुकडा रक्तवाहिन्यांसकट आणून बसवायचा, असली कामं आमच्या विभागात चालत. आमचे सर सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने शिवण घालायचे आणि वर्तमानपत्रात फोटो सरांचा यायचा. ते योग्यच होतं. पण शिवण झाली म्हणजे बोट जगलं असं नसतं. त्या इवल्या नळीत गुठळी झाली किंवा नळी आकसून बसली, तर काही तासांत सगळी मेहनत पाण्यात. म्हणून पहिले चार-पाच दिवस दर तासाला कुणीतरी रंग बघायचा, ऊब बघायची, नख दाबून सोडायचं. ते कुणीतरी म्हणजे आमच्या वॉर्डच्या सिस्टर आणि त्यांनी तयार केलेल्या दोन-तीन मुली. सिस्टरांचा फोटो वर्तमानपत्रात कधी आला नाही. कुणी मागितला असता तर "माझा कशाला, एखाद्या बोटाचा छापा जी," म्हणाल्या असत्या.

त्या मूळच्या गोंदियाकडच्या. पुण्यात वीसेक वर्षं काढल्यामुळे भाषा बरीचशी आमच्यासारखी झाली होती, पण धांदल उडाली की मूळ गाव वर यायचं. "काय करून राहिले डॉक्टर तुम्ही?" असं ऐकू आलं की मी हातातलं काम तिथेच थांबवायचो, कारण ते नक्की चुकत असायचं. बाप्पाही तिकडचाच. पुण्यात बाप्पा म्हणजे गणपती, दुसरा कुठला आम्हाला ठाऊक नाही. त्यामुळे सिस्टर मोजायला लागल्या की निम्मे पेशंट हात जोडायचे. ज्यांचा एक हात बँडेजमध्ये असे ते उरलेला छातीशी नेत.

मी एकदा विचारलं, "सिस्टर, तुम्ही इतक्या देवभोळ्या आहात हे माहीत नव्हतं."

"हा तो बाप्पा नव्हे. आमच्याकडं ऊन पडलं तरी बाप्पा, साखर महागली तरी बाप्पा."

"मग मोजताना कशाला?"

"नुसतं एक-दोन म्हटलं तर भ्यालेला माणूस भरभर मोजतो. बाप्पा म्हटला की सेकंद भरतो."

मी घरी जाऊन घड्याळाशी ताडून पाहिलं. भरत होता.

भीतीवर त्यांचा फार कटाक्ष. थंडी, धूर, चहा-कॉफी आणि भीती, यांनी नस आकसते, असं त्या प्रत्येक नातेवाइकाला भिंतीकडे बोट दाखवून सांगायच्या, जणू ते तिथे लिहिलेलं आहे. पहिल्या तिन्हींवर आम्हा डॉक्टरांचा विश्वास होता. चौथी आम्ही शिकलो होतो, पण मनावर घेतली नव्हती. सिस्टरांनी घेतली होती. जोडलेल्या बोटाच्या पेशंटसमोर कुणी रडायचं नाही, कुजबुजायचं नाही, कपाळाला हात लावायचा नाही. "रडायचं असेल तर लिफ्टपाशी. खुर्ची ठेवलेली आहे." खरंच ठेवलेली होती. तुम्ही त्या मजल्यावर कधी आला असाल तर लिफ्टच्या शेजारची ती एकटी खुर्ची पाहिली असेल आणि वॉचमनची असेल असं वाटलं असेल. ती रडणाऱ्यांची होती.

थंडीचा प्रश्न जरा नाजूक होता. त्या वर्षांत पुण्यात जो तो एसी बसवत सुटला होता. आमच्याही व्यवस्थापनाने वॉर्डात एसी बसवला, आणि सिस्टरांनी जोडलेल्या बोटांच्या खोलीतला तो पहिल्या दिवशीच बंद केला. आयटी कंपनीतला एक मुलगा मोटारसायकलवरून पडून पायाच्या शस्त्रक्रियेसाठी आला होता. त्याच्याकडे मोबाईल होता, आणि तेव्हा मोबाईल म्हणजे दागिनाच होता. "सिस्टर, एसी चालत नाही का? जाम सफोकेट होतंय यार."

"चालतो. मी चालू देत नाही."

रोज तेच उत्तर द्यावं लागतं म्हणून त्यांनी मला पाटी लिहायला सांगितली. मी नारायण पेठेत वाढलेला. पाटी म्हटल्यावर माझ्या अंगात आपोआप काहीतरी संचारतं. मी लिहिलं, "या खोलीतील एसी उत्तम स्थितीत आहे. तो बंद ठेवलेला आहे. दोहोंतील फरक समजून घ्यावा." सिस्टरांनी पाटी दोनदा वाचली. "बाप्पा. एवढं खडूस काऊन लिहिता? आधीच माणूस पडलेला आहे. कृपया टाका त्यात." मी 'कृपया' टाकलं. माझ्या हयातीत मी लिहिलेल्या पाट्यांत 'कृपया' असलेली ती एकच.

आता लोणीच्या आजींबद्दल सांगतो, कारण सिस्टर मला खऱ्या कळल्या त्या तेव्हा.

लोणी काळभोरच्या शेतकरी घरातल्या एक आजी सकाळी दहाच्या सुमारास आल्या. म्हशींसाठी वैरण बारीक करताना कडबाकुट्टीच्या पात्यात डावा अंगठा गेला होता, मुळापासून. बरोबर सून होती आणि सुनेच्या हातात स्टीलचा जेवणाचा डबा. गावातल्या कंपाउंडरने शहाणपण दाखवून अंगठा ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, डेअरीतल्या बर्फावर ठेवायला लावला होता. पातं धारदार, काप स्वच्छ, वेळ थोडा गेलेला. सर म्हणाले, लगेच घेऊ.

ऑपरेशनच्या परवानगीचा कागद माझ्याकडे. आजींना लिहिता येत नव्हतं. कागदाच्या तळाशी 'निशाणी डावा अंगठा' असं छापलेलं होतं. माझी घाई अशी, की मी शाईचं पॅड उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणालो, "आजी, डावा अंगठा द्या."

आजींनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "त्यो त्या डब्यात हाय की."

सून रडत होती, ती रडायची थांबली. सिस्टरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनीच पुढे होऊन आजींचा उजवा अंगठा पॅडवर टेकवला आणि कागदावर उमटवला. मी लाजेने लाल होऊन उरलेले प्रश्न भराभर उरकले. साखर? न्हाई. रक्तदाब? ठावं न्हाई. तंबाखू, विडी, सिगारेट? "न्हाई बा. तसलं काय न्हाई आमच्यात." मी तिन्हींपुढे फुली मारली.

ऑपरेशन सात तास चाललं. आजी वॉर्डात आल्या तेव्हा अंगठा त्यांच्या हातावर होता आणि त्याला रंग होता. सिस्टरांनी गाल-बोट केलं, नख दाबलं, मोजलं. "गुलाबी आहे. बसा." त्या दिवशी मी खरोखरच बसलो.

दुसऱ्या दिवशी आजी बोलायला लागल्या. घरी तीन म्हशी. त्यातली एक अशी द्वाड, की आजींवाचून कुणाला कासेला हात लावू देत नसे. सुनेला तिने दोनदा लाथ घातली होती. आजूबाजूच्या रानांत प्लॉटिंगचे दगड पडत होते, मुलगा एका कॉलेजात नोकरीला लागला होता आणि म्हशी विकून टाकू म्हणून वर्षभर मागे लागला होता. "अंगठा न्हाई तर धार न्हाई," आजी मला म्हणाल्या. "धार न्हाई तर म्हशी न्हाईत. मंग म्या घरात नुसती बसून करू काय?" हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. पण त्या अंगठ्याला काय काय बांधलेलं आहे ते मला तेव्हा कळलं, आणि त्यानंतर त्याचं नख मी आणखीच जपून दाबू लागलो.

त्याच सकाळी सात वाजता अंगठा पांढरा पडला होता. मी दाबून सोडलं आणि मोजू लागलो. पाचव्या बाप्पाला कुठे जरा रंग दिसला. आम्ही हाताभोवती ऊब वाढवली, सलाईन वाढवलं, सरांना विचारून औषध दिलं. दहा वाजेपर्यंत अंगठा पुन्हा गुलाबी झाला आणि दिवसभर छान राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा पांढरा, या वेळी सहा बाप्पा. पुन्हा धावाधाव, पुन्हा दहापर्यंत रंग. सर म्हणाले, "उद्या परत झालं तर थिएटरमध्ये नेऊन उघडून बघावं लागेल." दुसऱ्यांदा उघडलेली ती इवली शिवण टिकेलच असं सर म्हणाले नाहीत, आणि ते जे म्हणाले नाहीत तेच माझ्या डोक्यात घुमत राहिलं.

सिस्टर मात्र तक्ता घेऊन बसल्या. तासातासाच्या नोंदींचे दोन दिवसांचे कागद त्यांनी शेजारी शेजारी ठेवले.

"दोन्ही दिवस सातलाच काऊन?"

"सकाळी गारवा असतो," मी म्हणालो.

"खिडकी बंद आहे, उबेचा दिवा लावलेला आहे. आणि गारवा पाचला जास्त असतो, पाचला अंगठा गुलाबी लिहिला आहे." त्यांनी दोन्ही कागदांवरच्या सातवर बोट ठेवलं. "रक्ताला घड्याळ समजत नाही जी. माणसाला समजतं."

चौथ्या दिवशी त्या साडेसहाला आजींच्या पलंगाशी स्टूल टाकून गॉजच्या घड्या घालत बसल्या. मीही आलो होतो. सूनबाईंनी नेहमीप्रमाणे पडदा ओढला, आजींना तोंड धुवायचं होतं. सिस्टरांनी घड्या बाजूला ठेवल्या, पडदा दोन बोटं सरकवला आणि अगदी सहज, जेवलात का विचारावं तशा आवाजात विचारलं, "आजी, दात कशानं घासता?"

"मशेरीनं."

उशीखालून बामची जुनी डबी बाहेर आली होती आणि तिच्यात भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. आजींच्या उजव्या हाताची तर्जनी तिच्यात अर्धी बुडालेली होती. घरी रोज सकाळी दात घासायचे, अर्धा अर्धा तास, तशाच त्या इथेही घासत होत्या. दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे शुद्धीवर नीट आल्यापासून.

"आजी," मी म्हणालो, "मी तुम्हाला तंबाखूचं विचारलं होतं ना?"

"इचारलं की. तंबाखू कुठं खाते म्या? ही मशेरी हाय."

मला मशेरी माहीत नव्हती असं नाही. परीक्षेला आली असती तर दोन पानं लिहिली असती. पण मी प्रश्न विचारला तो माझ्या घरच्या शब्दात. आमच्या नारायण पेठेत तंबाखू म्हणजे पानवाल्याकडे मिळते ती. आजींच्या घरी तंबाखू पुरुष खातात आणि मशेरी बायका दाताला लावतात. त्यांच्या लेखी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. त्या एक अक्षर खोटं बोलल्या नव्हत्या.

तरी माझं डोकं तडकलं. सात तासांचं ऑपरेशन, तीन दिवसांची धावपळ, आणि उशीखाली डबी. मी तोंड उघडलं तेवढ्यात सिस्टरांनी माझ्या ॲप्रनची बाही धरली आणि मला सरळ लिफ्टपाशी नेऊन खुर्चीवर बसवलं. रडणाऱ्यांच्या.

"आत्ता नाही," त्या म्हणाल्या. "भ्याली तर नस आणखी आकसेल. तुम्हाला रागवायचं आहे ना? आठ दिवसांनी रागवा. मी आठवण करीन."

मी बाही सोडवायला गेलो, सुटली नाही.

"माझी आई गुडाखू घासायची. तीही तंबाखूच, गुळात मळलेली. आणि साऱ्या गावाला सांगायची, मी तंबाखूला शिवत नाही." त्या लिफ्टच्या बंद दाराकडे बघत होत्या. "ती खोटं नव्हती बोलत. तिला कुणी बरोबर विचारलंच नाही." मग बाही सोडून म्हणाल्या, "चला, नख पाहू."

सकाळची मशेरी अजून तोंडात गेलेली नव्हती. अंगठा गुलाबी होता. दोन बाप्पा.

आजींना त्यांनी जे सांगितलं ते मला कधी जमलं नसतं. "हा अंगठा नवा आहे, आजी. नव्या सुनेसारखा. त्याला या घराची सवय व्हायची आहे आणि मशेरीचा वास त्याला चालत नाही. रुसून पांढरा होतो." सूनबाई पदरात तोंड लपवून हसल्या. आजींनी अंगठ्याकडे जरा नव्या नजरेने पाहिलं, डबी बंद केली आणि सिस्टरांच्या हातात दिली.

"ठिवा तुमच्यापाशी. जाताना द्या."

"नाही देणार."

"बघू की."

पण सवय डबीबरोबर जात नाही. सकाळ झाली की आजींची तर्जनी रिकामीच तोंडाकडे जायची आणि मग त्या खजील होऊन ती पदराला पुसायच्या. सिस्टरांनी आधी भाजलेली बडीशेप दिली. ती दोन मिनिटांत संपायची. "बोटाला काम पाहिजे," सिस्टर म्हणाल्या, आणि एका सकाळी पेन्सिल आणि चौकटीची वही घेऊन आल्या. आजींचं नाव द्रौपदा.

"पहिलंच अक्षर असं निघालं," सिस्टर वहीकडे बघत म्हणाल्या.

"आईबापानं सोपं नाव ठिवाया पायजे हुतं," आजींना पटलं.

म्हणून नाव उलटं शिकवायचं ठरलं. एक दिवस नुसता 'दा'. मग 'पदा'. 'द्रौ'ला तीन सकाळी लागल्या. आजींचा डावा हात उशांवर उंच बांधलेला, त्यामुळे वही सारखी सरकायची. सिस्टर वहीच्या कोपऱ्यावर आपलं बोट दाबून धरायच्या आणि दुसऱ्या हाताने आजींच्या अंगठ्याचं नख. एकीकडे "वर मात्रा, आजी, वर," आणि दुसरीकडे "एक बाप्पा, दोन बाप्पा." ज्या बोटाने मशेरी लावायची त्याच बोटाने पेन्सिल धरलेली. सातचा तास असा जायचा. त्या तासाच्या तक्त्यात त्यानंतर एकदाही 'पांढरा' लिहावं लागलं नाही. सरांनी थिएटरचा विषय पुन्हा काढला नाही.

त्या सकाळपासूनचा आठवा दिवस उजाडला. मी राउंडला निघालो तर सिस्टर दारात. "डॉक्टर, आज तुम्हाला रागवायचं होतं."

मी विसरलो होतो. सिस्टर काही विसरत नसत. मला हाताला धरून त्या आजींच्या पलंगाशी घेऊन गेल्या आणि समोर उभं केलं. आजींनी वही माझ्यापुढे केली. पानभर द्रौपदा, द्रौपदा, द्रौपदा. काही उतरणीला लागलेल्या, काही चौकटीबाहेर पडलेल्या. मी घसा साफ केला. शेवटी म्हणालो, "आजी, तिसऱ्या ओळीत रफार कुठून आला?"

"हे झालं रागवणं?" सिस्टरांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

घरी सोडायच्या दिवशी ऑफिसातल्या माणसाने सवयीने शाईचं पॅड पुढे केलं. आजींनी ते कोपराने बाजूला सारलं. कागद सिस्टरांनी धरला, आणि आजींनी सही केली. ती ओळीत मावली नाही, शेवटचा 'दा' सरळ रुग्णालयाच्या शिक्क्यावर गेला. सिस्टर त्या सहीकडे ज्या नजरेने बघत होत्या तशा नजरेने मी त्यांना कुठल्याच ऑपरेशनकडे बघताना पाहिलं नव्हतं. मला स्वतःला तेव्हा लिफ्टपाशी जाऊन जरा वेळ बसावंसं वाटलं, ते आज सांगायला हरकत नाही.

दुसऱ्याच दिवशी आमच्या छापील फॉर्मच्या सगळ्या गठ्ठ्यावर, प्रत्येक प्रतीवर, तंबाखूच्या ओळीखाली सिस्टरांनी निळ्या शाईने लिहिलं, 'दात कशाने घासता?'

दोन-तीन वर्षांनी रुग्णालयात संगणक आले. फॉर्म पडद्यावर भरायचे म्हणून एका कंपनीतून एक चुणचुणीत मुलगा आला. सिस्टरांची ओळ त्याने वगळली होती.

"मॅडम, टोबॅकोचं फील्ड ऑलरेडी आहे ना. यस ऑर नो. मग हे डुप्लिकेट होतं."

"यस-नो विचारलं की माणूस नो म्हणतो जी."

"पण दात घासण्याचं सर्जरीत काय लॉजिक आहे?"

"बसा," सिस्टर म्हणाल्या, आणि त्याला तीन म्हशींपासून गोष्ट सांगितली. तो चहाचा कप हातात धरून ऐकत राहिला. त्याने ते फील्ड घातलं, आणि वर, स्वतःच्या डोक्याने, त्याला यस-नो न ठेवता मोकळी जागा ठेवली. त्या मोकळ्या जागेत पुढे काय काय भरलं गेलं. मशेरी, गुल, गुडाखू, तपकीर. एकदा 'गायछाप, पण फक्त दाढ दुखली तर.' दर वेळी कुणाचं तरी बोट किंवा पाय आधीच सावध झालेला असे.

सिस्टर निवृत्त होऊन गोंदियाकडे धाकट्या बहिणीजवळ राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ झालं, भाषणं झाली, सरांनी त्यांना विभागाचा कणा म्हटलं. सिस्टरांनी भाषण केलं नाही. एका नव्या पेशंटचं नख बघायचं राहिलंय, असं सांगून मध्येच उठून गेल्या आणि परत आल्यावर सरांना म्हणाल्या, "गुलाबी आहे. बसा." जाताना माझ्या हातात बामची डबी ठेवली. "आजी परत मागायला आली तर देऊ नका."

लोणीच्या आजी वर्षातून एकदा तरी यायच्याच, म्हैस व्याली की खरवस घेऊन. म्हशी विकल्या गेल्या नव्हत्या. त्या द्वाड म्हशीची आता एक रेडी होती, आईहून द्वाड. त्या वर्षीही आजी आल्या, डबा टेबलावर ठेवला आणि वॉर्डात इकडे तिकडे पाहू लागल्या. सिस्टर कुठे आहेत ते मी सांगितलं. त्यांनी टेबलावरचा डबा उगाच जरा सरकवला. मी विषय बदलायला म्हणालो, "तुमची डबी आहे माझ्याकडे. हवी?"

"आता काय करायची. बडीशेपच लागती सकाळी." मग म्हणाल्या, "त्यास्नी पत्र धाडता यील का?"

मी पोस्टकार्ड काढलं, उभ्यानेच पत्ता लिहिला आणि पेन सरसावलं. "सांगा, काय लिहू?"

"तुमी न्हाई." त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

कार्ड टेबलावर सरकत होतं. या वेळी ते धरायला सिस्टरांचं बोट नव्हतं. आजींनी डावा हात पुढे केला आणि कार्डाचा कोपरा अंगठ्याने दाबून धरला, घट्ट. मुळाशी पांढरी बारीक रेघ, शिवणीची, बाकी अंगठ्यासारखा अंगठा. मग सावकाश, मात्रांसकट, त्यांनी लिहिलं, द्रौपदा. बाकी कार्ड कोरं ठेवलं. जोर लावून दाबल्यामुळे अंगठ्याचं नख पांढरं झालं होतं. लिहून झालं तशी त्यांनी अंगठा उचलला, आणि मी, इतक्या वर्षांची सवय, मनात मोजायला लागलो. एक बाप्पा. दोन

दुसरा पुरा व्हायच्या आत नख गुलाबी झालं होतं. मी अजून उभाच होतो. मग आठवलं, आणि बसलो.